मधले महिने

निर्मलाताई गजभियेंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं नाव विचारलं नाही. माँट्रियलशेजारच्या लव्हालमधल्या आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये, लाँड्रीच्या खोलीत, मी मशीनमध्ये कपडे कोंबत उभी होते. कॅनडात येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. मागून चक्क मराठीत आवाज आला, "कार्ड आलं का?"

मी दचकून वळले. दारात एक उंच, काटकुळी बाई उभी होती. साठीच्या पुढची. केस मागे घट्ट ओढून बांधलेले, एका स्वेटरवर दुसरा स्वेटर, आणि नजर माझ्या पायांतल्या गुळगुळीत तळाच्या चपलांवर खिळलेली.

"कुठलं कार्ड?"

"कुठलं म्हणजे? हेल्थ कार्ड बाई. सूर्याचं चित्र असते ते."

"नाही अजून. तीन महिने लागतात म्हणाले."

"मग हे मधले महिने जपून. या चपला घालून बाहेर पाऊल टाकू नको. गाडीवरचा बर्फ शोव्हल करायचा असला तर नवऱ्याला एकटं पाठवू नको. अन् काही झालंच, कितीही बारीक असो, तर तिसऱ्या मजल्यावर माझं दार वाजव. घरी थांबून राहायचं नाही. कळलं?"

मी मान हलवली. मग त्यांनी नाव विचारलं. मेलबॉक्सवरचं 'कुलकर्णी' वाचून त्या कितीतरी दिवस मला गाठायला बघत होत्या, हे मला पुढे कळलं. मेलबॉक्सवर नवं मराठी आडनाव दिसलं की ताईंना पहिली काळजी एकच.

ताई मूळच्या नागपूरच्या. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झालेल्या. लव्हालमधल्या दही बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये त्यांनी निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. दह्यात नको ते जंतू वाढतायत का हे बघायचं काम. ते काम त्यांच्या अंगातच मुरलं होतं. कुणाच्याही घरी गेल्या की आधी हात धुवायच्या, मग बसायच्या. दूध पिशवीतून पातेल्यात काढून, वास घेऊन, पुन्हा उकळायच्या. "इथलं दूध उकळावं लागत नाही हो ताई," असं मी एकदा म्हटलं तर म्हणाल्या, "माहीत आहे मला. मीच तपासत होती. तरी उकळते."

दर वर्षी चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला त्या पाटवड्यांचा रस्सा करायच्या. चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये वंदना व्हायची, मग भाषणं. वक्ते रंगात आले की मागच्या टेबलाशी ताई पातेल्यात लॅबमधला लांब थर्मामीटर बुडवून उभ्या. पारा एका ठरावीक खुणेच्या खाली आला की त्या हात वर करायच्या. मोठमोठे पदाधिकारी 'एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' म्हणून खाली बसायचे. त्या हॉलमध्ये ताईंच्या हाताइतका दरारा कुणाचा नव्हता.

लोक हसायचे. मीही हसले. पण त्यांच्या शेजारी राहायला लागल्यावर माझं हसू कमी होत गेलं. या बाईला सतत भीती वाटायची, आणि ती लपवायचा त्या प्रयत्नही करत नसत. मी शिंकले की हातातलं काम थांबवून दुसऱ्या शिंकेची वाट बघायच्या. आशिष, माझा नवरा, ऑफिसातून उशिरा आला तर आधी त्यांचा फोन यायचा, मग माझ्या लक्षात यायचं की उशीर झालाय. आणि 'बघू' हा शब्द त्यांच्या घरात चालत नसे. एकदा माझी दाढ दुखत होती. ताई म्हणाल्या, डेंटिस्टला दाखव. मी म्हटलं, "बघू, पुढच्या आठवड्यात."

त्यांनी कणीक मळायची थांबवली. "हा शब्द माझ्यासमोर काढू नको, मंजिरी."

त्या दिवशी त्यांनी या शब्दामागचं सांगितलं. कणकेच्या हातांनीच, ओट्याकडे तोंड करून.

वीस-बावीस वर्षांपूर्वी गजभिये साहेब, ताई आणि त्यांचा शाळकरी मुलगा प्रशांत असे तिघं नागपूरहून आले. साहेब इंजिनियर. पन्नाशी गाठत आलेली, पण मुलाचं भलं होईल म्हणून चांगली नोकरी सोडून आलेले. पहिलाच हिवाळा. कार्ड यायचं होतं. एके दिवशी बर्फ काढून वर आले आणि म्हणाले, छातीत जरा जळजळतंय. ताईंनी सोडा दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि डावा खांदा जड. ताई म्हणाल्या, दवाखान्यात जाऊ. साहेब म्हणाले, "बघू. कार्ड येऊ दे. आत्ता गेलो तर किती बिल लावतील कुणास ठाऊक."

"मीही हो म्हटलं," ताई म्हणाल्या. "मलाही ती भीती होती. बिलाची. त्या वक्ताला बिलाचीच भीती वाटत होती, बाकी कशाची नाही."

साहेब त्याच आठवड्यात गेले. पुढे कधीतरी टपालात तिघांची कार्डं आली. त्यातलं एक साहेबांचं. सूर्याच्या चित्राशेजारी त्यांचा फोटो, नवा टाय लावलेला. ते परत करावं लागलं, तेही नीट पाकिटात घालून.

त्यांनी कणीक झाकून ठेवली. मी दुसऱ्या दिवशी डेंटिस्टकडे गेले.

मग मला त्यांचं वागणं कळायला लागलं. लव्हालमध्ये कुणी नवीन मराठी माणूस आला की ताई डबा घेऊन हजर. डबा हे निमित्त. मधल्या महिन्यांत कुणी एकटं पडू नये, कुणी थांबून राहू नये, एवढाच त्यांचा ध्यास. एकदा अमरावतीचं एक तरुण जोडपं आलं. मुलगी चार महिन्यांची गरोदर होती आणि दोघांनी ठरवलं होतं की कार्ड येईपर्यंत तपासणी करायचीच नाही. ताईंना हे एका वाढदिवसाच्या पार्टीत कळलं. केक तसाच बशीत टाकून त्या मुलीला बाजूला घेऊन गेल्या.

"कोणी सांगितलं तुला थांबायला?"

"यांच्या ऑफिसमधले म्हणाले, तीन महिने काहीच कव्हर होत नाही."

"बाळंतपणाला मधले महिने नसतात. गरोदर बाईला सूट आहे. मी विचारून आले आहे, एकदा नाही, दर वर्षी विचारते. उद्या सकाळी तयार राहा. तुला येऊन नेते."

आणि नेलं. मुलीचा रक्तदाब वाढलेला निघाला. आणखी काही आठवडे तशीच राहिली असती तर काय झालं असतं, हे डॉक्टरीणबाईंनी फ्रेंचमध्ये सांगितलं आणि ताईंनी मुलीला मराठीत सांगितलं नाही. तिचा मुलगा आता शाळेत जातो.

एवढं सगळं ठाऊक असलेली ही बाई. म्हणून पुढे जे झालं त्याचा मला अजून नीट अर्थ लागत नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी ताईंच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू केली. सकाळी एक, संध्याकाळी एक. रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ नये म्हणून. ताई घड्याळाच्या काट्यावर गोळी घ्यायच्या. मग एका जानेवारीत त्या आमच्याच पार्किंगमध्ये बर्फावर घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण बराच वेळ उठता आलं नाही, आणि आजूबाजूला कुणी नव्हतं.

प्रशांत तोपर्यंत हॅलिफॅक्समध्ये स्थिरावला होता. बायको सोनल, मुलगी मैत्री, स्वतःचं घर. तो म्हणाला, "आई, आता पुरे. तू इकडे ये. कायमची."

"येते ना," ताई म्हणाल्या. "पण मधले महिने?"

लव्हाल क्युबेकमध्ये, हॅलिफॅक्स नोव्हा स्कोशियात. देश एकच, पण कार्ड ज्या त्या प्रांताचं. क्युबेकचा माणूस नोव्हा स्कोशियात कायमचा राहायला गेला की त्याला तिथलं कार्ड लगेच लागू होत नाही. ज्या महिन्यात पोचला तो महिना आणि पुढचे दोन, असं थांबावं लागतं. तोपर्यंत जुना प्रांत त्याला सांभाळतो. पण सगळ्या बाबतीत नाही. म्हाताऱ्या माणसांना औषधांसाठी जी सरकारी योजना असते ती क्युबेकची क्युबेकमध्येच राहते, आणि नोव्हा स्कोशियाची नवं कार्ड हातात पडल्यावरच मिळते.

हे सगळं ताईंनी फोन करकरून विचारलं. फ्रेंचमध्ये विचारलं, मग खात्री व्हावी म्हणून इंग्रजीत. आणि त्यातून त्यांनी एक गोष्ट शोधून काढली. महिन्याच्या अगदी शेवटच्या दिवशी पोचलं, तर तो एकच दिवस अख्खा महिना म्हणून धरला जातो. म्हणजे वाट पाहणं महिन्याभराने कमी होतं.

"एकतीस जानेवारीला जाते," त्यांनी मला सांगितलं. पडल्याला वर्ष होत आलं होतं. "मग एक एप्रिलला तिकडचं सुरू. तोवर पुरतील इतक्या गोळ्या फार्मसीवाला देऊन राहिला. त्याच्यावर देत नाही म्हणे."

एकतीस तारखेला मी त्यांना माँट्रियलच्या एअरपोर्टवर घेऊन गेले. सकाळचं विमान. आमच्याकडे स्वच्छ ऊन होतं. बॅग दिली, कॉफी घेतली, आणि बोर्डवर त्यांच्या विमानापुढे लाल अक्षरं आली. हॅलिफॅक्सला बर्फाचं वादळ होतं. दिवसभरातली सगळी विमानं रद्द.

ताई बोर्डाकडे बघत राहिल्या. मी प्रशांतला फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"आई, नो प्रॉब्लेम. उद्याच्या फ्लाइटमध्ये सीट मिळतेय."

"उद्या फेब्रुवारी आहे," ताई म्हणाल्या.

त्याने महिने मोजले. मग म्हणाला, "अगं, अप्लाय करताना मी एकतीसच टाकतो. कोण बघायला येतंय?"

"तिकीट बघतील. विमानवाले बघतील. खोटं सापडलं तर देणारच नाहीत." त्यांचा आवाज इतका चढला की शेजारच्या खुर्चीतला माणूस वळून बघायला लागला. "प्रशांत, तुला आठवत नाही. आपण येताना मेडिकल केली होती, तेव्हा बाबांचा एक्स-रे दोनदा काढला होता. दोनदा! आजारी माणूस यांना नको असते. म्हाताऱ्या आजारी माणसाला कोण घेईल?"

"आई, ते इमिग्रेशन होतं. तू सिटिझन आहेस. तुला कोण नाही म्हणणार?"

त्यांनी फोन मला परत दिला. परतीच्या वाटेवर गाडीत एकच वाक्य बोलल्या. "मे महिना झाला आता."

दुसऱ्या दिवशी, एक फेब्रुवारीला, त्या गेल्या.

हॅलिफॅक्सला पोचल्यावर पहिल्याच पंधरवड्यात एक गोष्ट घडली. ती मला प्रशांतने नंतर सांगितली. गोळ्या कमी पडणार हे त्याला कळलं होतं, म्हणून तो आईला एका वॉक-इन क्लिनिकमध्ये घेऊन गेला. रिसेप्शनवरच्या मुलीने कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि गोड आवाजात म्हणाली, "सॉरी डिअर, क्युबेकचं कार्ड आम्ही घेत नाही. आज पैसे भरा, नंतर क्युबेककडून मागा." प्रशांतने लगेच पाकीट काढलं. तेवढ्यात ताईंनी त्या मुलीच्या हातातून कार्ड ओढून घेतलं आणि दाराकडे चालायला लागल्या.

"बघितलंस?" पार्किंगमध्ये त्या म्हणाल्या. "नाही चालत. आपलं कार्ड इथे नाही चालत."

प्रशांत समजावत राहिला. डॉक्टरांच्या फीचं वेगळं, हॉस्पिटलचं वेगळं. गोळ्या मी विकत आणतो. ताई म्हणाल्या, "नको, आहेत ना. पुरतात मला." पुढे त्याने जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा हेच उत्तर आलं. आईच्या हिशेबाबद्दल शंका घ्यावी असं त्याला कधी वाटलं नव्हतं. कुणालाच वाटलं नसतं.

आमचे फोन दर रविवारी व्हायचे. त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. बाहेर जात नव्हत्या. बर्फ होता तोवर बर्फासाठी, बर्फ गेला तेव्हा ओल्या फरशांसाठी. दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत. आंघोळ स्टुलावर बसून. मैत्रीला खोकला झाला तर त्या आपलं अंथरूण बेसमेंटमध्ये घेऊन गेल्या. मैत्रीने मला व्हिडिओवर तक्रार केली, "मावशी, आजी थिंक्स आय ॲम अ व्हायरस."

"ताई, अशाने माणूस आजारी पडेल," मी म्हटलं.

"मे महिन्यात पडीन," त्या म्हणाल्या. मला वाटलं, गंमत करतायत.

एप्रिलमध्ये माझ्या ऑफिसच्या कामासाठी मला हॅलिफॅक्सला जायचं होतं. मी प्रशांतकडेच उतरले. ताई दारात आल्या. दोन स्वेटरांच्या आत माणूस कमी झालं होतं. पण हात धुवायला लावलेच मला, आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनल ऑफिसला गेली, प्रशांत मैत्रीला शाळेत सोडायला गेला. मी टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले होते. ताई चहा गाळत होत्या. पाण्याची धार जमिनीवर पडल्यासारखा आवाज आला म्हणून मी वर बघितलं.

त्या चहा कपाच्या शेजारी ओतत होत्या. सरळ ओट्यावर. चहा ओट्यावरून ओघळत त्यांच्या सपातांवर पडत होता. गरम होता. त्यांना कळत नव्हतं.

"ताई!"

त्या वळल्या. चेहऱ्याची उजवी बाजू खाली उतरली होती. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. ओठ हलले आणि 'दार' असं काहीतरी बाहेर पडलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा 'दार'. आपल्याला हे म्हणायचं नव्हतं, हे त्यांना कळलं. डोळ्यांत ते कळताना मी पाहिलं.

मी त्यांना खुर्चीत बसवलं. फोन उचलला. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट पकडलं. त्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

"नको," त्या म्हणाल्या. तो शब्द स्पष्ट आला. मग जीभ अडखळत, "मे. मे. मे."

मला आधी कळलं नाही. मग कळलं.

"ताई, मे महिन्याचं काही नाही. आत्ता जायला हवं."

"परत... पाठव..."

"कोण पाठवेल परत?"

"ते."

"तुम्हीच मला सांगितलं होतं ना, घरी थांबून राहायचं नाही? पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मनगट सोडेनात. मी दुसऱ्या हाताने नऊ-एक-एक फिरवला. पलीकडची बाई शांतपणे एकेक प्रश्न विचारत होती, आणि मी उत्तरं देत असताना ताई मान हलवत होत्या. नाही, नाही, नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते फक्त डाव्या हाताने पुसता आलं असतं, आणि तो हात माझ्या मनगटावर होता.

ॲम्ब्युलन्स लवकर आली. एक वयस्कर बाई आणि एक दाढीवाला माणूस. ती बाई गुडघ्यावर बसून ताईंशी बोलायला लागली, "हाय माय लव्ह, तुझं नाव काय?" ताईंनी तोंड फिरवलं. त्यांना स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा त्यांनी पर्स पोटाशी घट्ट धरली. दाढीवाल्याने हेल्थ कार्ड विचारलं. मी पर्सकडे हात नेला तर त्यांनी बोटं आणखी आवळली. ॲम्ब्युलन्स हॉस्पिटलच्या दाराशी लागेपर्यंत ती बोटं उघडली नाहीत.

हॉस्पिटलमध्ये काउंटरवरच्या बाईने कार्ड घेतलं. सूर्याचं चित्र, ताईंचा घाबरलेला फोटो. तिने नंबर टाइप केला आणि कार्ड मला परत दिलं.

"क्युबेक. ओके."

"चालतं?"

"हॉस्पिटलमध्ये सगळ्या प्रांतांचं चालतं, डिअर." तिने पुढच्या माणसाला हाक मारली.

मी मागे वळून बघितलं. ताईंचे डोळे उघडे होते. त्यांनी ते ऐकलं की नाही, ऐकून समजलं की नाही, मला सांगता येणार नाही.

डॉक्टर तरुण होती. तिने भराभर विचारायला सुरुवात केली. कधीपासून, काय आजार, कुठली औषधं. मी गोळीचं नाव सांगितलं.

"दिवसातून दोनदा?"

"हो," मी म्हटलं.

ताईंनी डोकं हलवलं. डॉक्टरपासून त्यांनी आयुष्यात काही लपवलं नव्हतं. "सकाळी," त्या म्हणाल्या. शब्द जड येत होते, पण येत होते.

"आणि संध्याकाळी?" मी मराठीत विचारलं.

"ठेवते."

"ठेवता? कशाला?"

"पुरायला."

डॉक्टर माझ्याकडे बघत होती. मला त्या एका शब्दाचं इंग्रजी सुचेना. एव्हाना पडद्यामागून प्रशांत आत आला होता, तो म्हणाला, "टू मेक देम लास्ट." मग तो भिंतीला टेकला. "आई, मी आणल्या असत्या ना गं. तू नुसतं म्हणायचं होतंस."

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. शाळेत खोडी पकडली गेली की मुलं बघतात तसं. आणि मग त्यांना डोक्याच्या स्कॅनला नेलं.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. ताई वाचल्या. उजवा हात गेल्यातच जमा होता, पायात थोडा जोर उरला होता. बोलणं हळूहळू थोडं परत आलं, पण भाषा मिसळल्या. नर्सला मराठीत हाक मारायच्या, मैत्रीला 'मादाम' म्हणायच्या. प्रशांत रोज ऑफिस सुटलं की जायचा, त्यांना चमच्याने भरवायचा, आणि प्रत्येक घास भरवताना त्या आधी वास घ्यायच्या. एक मे उजाडला. त्यांचं नोव्हा स्कोशियाचं कव्हरेज सुरू झालं. पुढच्या आठवड्यात कार्डही आलं. प्रशांतने ते त्यांना दाखवलं तर त्यांनी ते नीट पाहून त्यालाच परत दिलं आणि विचारलं, "हे कोणाचं?"

पुढच्या वर्षीच्या थंडीत न्यूमोनियाने त्या गेल्या. मी तेव्हा पुण्याला होते, आईच्या ऑपरेशनसाठी. जाता आलं नाही.

त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच मे महिन्याच्या अखेरीस. खास त्यांना भेटायला गेले होते. निघायच्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला हॉस्पिटलच्या रिहॅब विभागात गेले तर त्या खोलीत नव्हत्या. व्यायामाच्या हॉलमध्ये नेलंय म्हणाले. हॉलला मोठी काच होती. आत एक लाकडी जिना ठेवला होता, सरावासाठी. एका बाजूने काही पायऱ्या वर, मग छोटासा सपाट ओटा, आणि पलीकडे पुन्हा पायऱ्या खाली.

ताई चढत होत्या. फिजिओथेरपीची मुलगी कमरेचा पट्टा धरून मागे. एकेक पायरी, खूप वेळ लावून. वर पोचल्या तेव्हा त्या मुलीने टाळ्या वाजवल्या. मग ती पुढे जाऊन खाली उभी राहिली, दोन्ही हात पसरले. दुसऱ्या एकीने मागून पट्टा धरला. काचेतून आवाज येत नव्हता, पण 'या आता, खाली या' असं ती म्हणत असणार.

ताई हलल्या नाहीत. त्यांनी खाली बघितलं. उजवं पाऊल थोडं उचललं, पुढे नेलं, हवेत धरलं आणि परत जागेवर आणून ठेवलं. पुन्हा उचललं. पुन्हा ठेवलं. खालची मुलगी हसत होती, धीर देत होती, हात तसेच पसरलेले.

मी काचेवर टकटक केली नाही. लक्ष गेलं असतं तर त्या दचकल्या असत्या.

बाहेरून प्रशांतचा फोन आला, गाडी दाराशी लावलीय, विमानाला उशीर होईल. मी कोट घातला. कॉरिडॉरच्या वळणावरून एकदा मागे बघितलं. ताई अजून वरच उभ्या होत्या.